भूकंपाने बॅरन बेटाचा ज्वालामुखी पेटतो का?

प्रश्न : आम्ही सहकुटुंब डिसेंबरमध्ये अंदमानला जाणार आहोत. तिथे अधूनमधून भूकंपाचे धक्के बसतात, हे वाचून घरातली वडीलधारी मंडळी धास्तावली आहेत. २००४ सालच्या भूकंपानंतर काही महिन्यांतच बॅरन बेटावर उद्रेक झाला होता, असेही कळले. मोठ्या भूकंपाने ज्वालामुखी पेटतो का, आणि अशा वेळी खरा धोका कशापासून असतो?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अंदमानमधले भूकंप आणि बॅरन बेटावरचा ज्वालामुखी यांचे मूळ कारण एकच आहे. अंदमान-निकोबारच्या पश्चिमेला समुद्रतळाशी भारतीय भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा) तिरप्या दिशेने पूर्वेकडच्या भूपट्टाखाली सरकत असतो. वरच्या तीसचाळीस किलोमीटरच्या थरात हे दोन्ही पट्ट एकमेकांत अडकून राहतात, ताण साठत जातो आणि तो एकदम सुटला की भूकंप होतो. तोच पट्ट सुमारे शंभर किलोमीटर खोल गेल्यावर त्याच्या खडकांतले पाणी बाहेर पडते, त्या पाण्यामुळे वरच्या प्रावरणाचा (कवचाखालच्या खडकांच्या थराचा) वितळणबिंदू खाली येतो आणि तयार झालेला शिलारस वर चढू लागतो. म्हणूनच बॅरन आणि नारकोंडम ही ज्वालामुखी बेटे मुख्य द्वीपमालेच्या पूर्वेला, अंदमान समुद्रात आहेत. आपण पर्यटक ज्या बेटांवर फिरतो, ती बहुतांशी समुद्रतळावरचा गाळ खरवडला जाऊन, घड्या पडून वर आलेली आहेत.

आता मूळ शंकेकडे वळू. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राच्या उत्तर भागाजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तिथून उत्तरेकडे अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर लांबीचा प्रस्तरभंग (खडकांतली भेग) काही मिनिटांत सरकला. पुढे मे २००५ मध्ये बॅरन बेटावर उद्रेक सुरू झाला. या दोन घटनांची सांगड घालण्याचा मोह होतो, परंतु बॅरनचा आधीचा इतिहास विसरता येत नाही. तिथल्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ सालची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर दीडशेहून अधिक वर्षे तो शांत होता. आणि १९९१ साली, तसेच १९९४-९५ मध्ये, कोणताही महाभूकंप झालेला नसताना तो पुन्हा उफाळला होता. म्हणजे २००५ साली तो मुळातच जागृत होता. अशा वेळी कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली नसेलच, असे ठामपणे म्हणता येत नाही.

भूकंपाचा ज्वालामुखीवर परिणाम होतच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. चिलीमध्ये २२ मे १९६० च्या ९.५ तीव्रतेच्या भूकंपानंतर दोनच दिवसांत कोर्दोन काउये या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. जपानमध्ये १७०७ सालच्या ऑक्टोबरमध्ये मोठा भूकंप झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फुजी पर्वत पेटला. याउलट २०११ च्या ९ तीव्रतेच्या भूकंपानंतर फुजी शांतच राहिला. शिलारसाच्या कोठीत वायूंचा दाब आधीच पुरेसा वाढलेला असेल, तर धक्क्याने किंवा बदललेल्या ताणाने उद्रेकाला निमित्त मिळू शकते. कोठी तयार नसेल, तर मोठ्यात मोठ्या भूकंपानेही काही घडत नाही. अंदमानात बाराटांग येथील चिखलाचा ज्वालामुखी २००४ च्या भूकंपानंतर काही दिवसांतच उसळला होता; परंतु तिथे शिलारस नसतो, जमिनीखालच्या वायूच्या दाबाने चिखल वर येतो. शिवाय बॅरन बेट निर्जन आहे आणि पोर्ट ब्लेअरपासून (आताचे श्री विजयपुरम) सुमारे १३५ किलोमीटर दूर आहे. त्यामुळे घरातल्या मंडळींनी ज्वालामुखीची भीती बाळगू नये, असे मी निःशंकपणे सांगेन.

काळजी समुद्राची घ्यावी. २००४ साली निकोबारमध्ये जमीन खचली, इंदिरा पॉइंटचे दीपगृह सव्वाचार मीटर खाली गेले आणि त्याचा पायथा पाण्यात आला, तर उत्तर अंदमानात किनारा वर उचलला जाऊन प्रवाळ उघडे पडले. समुद्रतळाच्या अशाच हालचालीतून त्सुनामी उठली आणि तिने हिंदी महासागराभोवतालच्या देशांत सव्वादोन लाखांहून अधिक माणसांचे प्राण घेतले. भूकंपाच्या केंद्राजवळ असलेल्या बेटांवर लाट काही मिनिटांत पोहोचली. चेन्नईच्या किनाऱ्याला ती यायला दोन तासांहून अधिक वेळ लागला, आणि तरीही इशारा देणारी यंत्रणा नसल्यामुळे तिथेही माणसे गेली. २००७ पासून हैदराबादच्या केंद्रातून त्सुनामीचे इशारे दिले जातात. मुख्य भूमीला त्यांचा फार मोठा आधार आहे. परंतु निकोबारमधल्या माणसाला इशारा मिळेपर्यंत थांबण्याइतका वेळ मिळेलच असे नाही.

सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावरच्या लोकांनी हे भान जवळजवळ शंभर वर्षे जपून ठेवले होते. १९०७ साली त्सुनामीने त्यांची वस्ती उद्ध्वस्त केली होती. तेव्हापासून, जोराचा भूकंप झाला आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे धावायचे, ही शिकवण आजी-आजोबांच्या गोष्टींतून आणि गाण्यांतून मुलांना मिळत राहिली. २००४ साली हे बेट केंद्राच्या अगदी जवळ होते, लोकसंख्या सुमारे ७८ हजार होती, आणि मृतांचा आकडा मात्र एक अंकी राहिला. कोणत्याही उपकरणाविना लोकांनी आपली माणसे वाचवली, याचे मला नेहमीच अपार कौतुक वाटते.

तुम्ही सहलीला जरूर जा. निवासस्थानी पोहोचल्यावर जवळची उंच जागा कोणती आणि तिथे पायी कसे जायचे, एवढे मात्र विचारून ठेवा. किनाऱ्यावर असताना उभे राहणे कठीण व्हावे असा किंवा बराच वेळ चालणारा धक्का बसला, तर सामान, मोटार आणि चित्रीकरण यांचा विचार न करता चढाकडे निघा. पहिली लाट ओसरल्यावर खाली उतरू नका. लाटा एकामागून एक कित्येक तास येत राहतात आणि नंतरची लाट पहिलीपेक्षा मोठी असू शकते.

प्रश्न : सह्याद्रीही लाव्हारसाचाच बनलेला आहे. मग कोयनेचे भूकंप ही खाली ज्वालामुखी असल्याची खूण समजावी का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याला शिलारस पुरवणारा स्रोत आज आपल्याखाली नाही. ११ डिसेंबर १९६७ चा विनाशकारी धक्का आणि त्यानंतरचे भूकंप यांचा संबंध शास्त्रज्ञ कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाशी जोडतात : पाण्याचा भार आणि भेगांतून झिरपणारे पाणी यांमुळे आधीच ताणाखाली असलेले प्रस्तरभंग सरकतात. कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विंधनविवर खोदले, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर जाडीच्या बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला, आणि कोयनेचे भूकंप त्याच खडकात होतात.