वाचकांचे प्रश्न : मंगल कार्यालयातील लग्न आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील एका गावात मी नुकताच छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला आहे. चुलतभावाच्या लग्नासाठी कॅमेऱ्यावर बसवायचा स्वतंत्र फ्लॅश विकत घेतला. शटर 1/200, अ‍ॅपर्चर एफ/5.6 (भिंगाचे तोंड किती उघडे ते; आकडा लहान तितके तोंड मोठे), आयएसओ 200 (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) आणि फ्लॅश टीटीएलवर (झोताची ताकद कॅमेरा स्वतः मोजून ठरवतो), अशा बेताने संपूर्ण लग्न टिपले. वधू-वरांचे चेहरे पिठूळ आले, मागे बसलेली मंडळी आणि सजावट अंधारात बुडाली आणि भिंतीवर प्रत्येकाच्या काळ्या सावल्या उमटल्या. पुढचे लग्न तीन आठवड्यांवर आले आहे. नेमके काय शिकावे?

उत्तर : आपण आकडे लिहून पाठवले हे फार चांगले केले, कारण दोष त्या आकड्यांतच दिसतो. मंगल कार्यालयात आपल्यापाशी दोन उजेड असतात. एक तेथील दिव्यांचा आणि दुसरा आपल्या फ्लॅशचा. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, कमी ताकदीवर तर त्याहूनही लवकर संपतो. त्यामुळे शटर 1/200 ठेवले काय किंवा 1/60 ठेवले काय, फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही. कार्यालयातील दिव्यांचा उजेड मात्र शटर जितका वेळ उघडे राहील तितका साचत जातो. आपल्या आकड्यांवर तो उजेड जवळजवळ नोंदलाच गेला नाही आणि चित्राचा सगळा भार एकट्या फ्लॅशवर पडला. त्यातच उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. वधू फ्लॅशपासून 2 मीटरवर आणि वऱ्हाडी 8 मीटरवर असतील, तर वऱ्हाड्यांना वधूच्या सोळाव्या हिश्शाइतकाच उजेड मिळतो. आपली मंडळी अंधारात गेली ती यामुळे. चेहरे पिठूळ होण्यामागेही बहुतेक हेच कारण आहे, कारण चौकटीचा मोठा भाग काळा दिसला की टीटीएल उजेड कमी पडला असे समजून झोत वाढवते आणि तो वाढीव झोत चेहऱ्यांवर पडतो.

आता शटर 1/100, अ‍ॅपर्चर एफ/4 आणि आयएसओ 1600 करून पाहा. शटरमुळे दुप्पट, अ‍ॅपर्चरमुळे दुप्पट आणि आयएसओमुळे आठपट, असा कार्यालयाचा उजेड चित्रात 32 पट अधिक उतरेल. फ्लॅशला फक्त चेहरे उजळण्याचे काम उरेल आणि टीटीएल त्याची ताकद आपोआप खाली आणेल. 1/100 हा आकडा मी मुद्दाम सुचवतो. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर त्याहून जलद ठेवले, तर चित्रात आडवे पट्टे येण्याची किंवा लागोपाठच्या दोन चित्रांचा रंग वेगळा पडण्याची शक्यता असते. आयएसओ 1600 ला घाबरू नका. अंधारात घेऊन मग संगणकावर उजळलेल्या चित्रापेक्षा 1600 वर नीट उजेडात घेतलेले चित्र केव्हाही स्वच्छ असते.

आकड्यांचा हा अर्धा भाग एका संध्याकाळी समजतो. दुसरा अर्धा भाग दिशेचा, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. फ्लॅश घेतला की तो माणसावर रोखायचा, अशीच प्रत्येक नवशिक्याची समजूत असते. त्याऐवजी, या चेहऱ्यावर उजेड कोणत्या बाजूने यावा, असा प्रश्न आधी मनाशी विचारायची सवय लावून घ्या आणि मग फ्लॅशचे डोके त्या बाजूच्या भिंतीकडे किंवा छताकडे वळवा. फ्लॅशच्या काचेचा आकार जेमतेम काडेपेटीहून मोठा असतो. एवढ्या लहान जागेतून निघालेल्या उजेडाची सावली कडक पडते. तोच उजेड पांढऱ्या छतावर आपटून परत आला की चार-पाच फुटांचा छताचा तुकडाच दिवा बनतो आणि सावलीची कड विरघळते.

यासाठी घरी एक प्रयोग करा. घासलेला स्टीलचा तांब्या टेबलावर ठेवा आणि फ्लॅश थेट रोखून त्याचे छायाचित्र घ्या. तांब्याच्या पोटावर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसेल. मग फ्लॅश छताकडे वळवून पुन्हा घ्या. ठिपक्याच्या जागी खांद्याच्या गोलाईवर पसरलेला मऊ उजेड दिसेल. तिसऱ्यांदा फ्लॅश आपल्या डाव्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे वळवा. उजेड तांब्याच्या एका बाजूला सरकेल आणि दुसऱ्या बाजूला हलकी छाया येईल. तांब्याच्या जागी आता घरातील कुणाला तरी बसवा. नथ घातलेली आई किंवा आजी असेल तर उत्तम, कारण नथीची सावली फार बोलकी असते. उजेड थेट डोक्यावरून आला की ती वरच्या ओठावर काळी उतरते आणि डोळ्यांच्या खोबणीही काळवंडतात. बाजूने आणि थोडा वरून आला की ती गालाच्या कडेला फिकी होऊन जाते. रोज अर्धा तास याप्रमाणे आठ दिवस केल्यास लग्नात फ्लॅशचे डोके कुठे वळवायचे याचा विचार करावा लागणार नाही, हात आपोआप वळेल.

मात्र प्रत्येक कार्यालयाचे छत आपल्याला साथ देईलच असे नाही, म्हणून मुहूर्ताच्या निदान दोन तास आधी जाऊन छत पाहावे. ते पांढरे आणि 12 फुटांच्या आसपास असेल, तर 3 मीटरवरील जोडप्यासाठी वरील आकड्यांवर मध्यम दर्जाच्या फ्लॅशची साधारण सोळावा हिस्सा ताकद पुरते. तेच छत 25 फुटांवर असले, की उजेडाला जाऊन येण्याचे अंतर इतके वाढते की निम्मी ताकद खर्ची पडते, आणि एवढे करूनही उजेड माथ्यावरच उतरतो. पत्र्याचे, लाकडी किंवा गडद रंगाचे छत असेल तर वरून फारसे काही परत येत नाही. गुलाबी पडदे किंवा हिरवी भिंत असेल, तर परत येणारा उजेड तोच रंग घेऊन चेहऱ्यावर बसतो. अशा ठिकाणी फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढावा, रेडिओ ट्रिगर (दूर ठेवलेला फ्लॅश बिनतारी चमकवणारे उपकरण) लावावा आणि पांढऱ्या छत्रीसह बोहल्याच्या एका कोपऱ्यात, माणसांच्या डोक्यांपेक्षा दोन-तीन फूट उंच धरावा. स्टँड उभा केल्यास त्याच्या पायावर वजन ठेवणे बंधनकारक समजा, कारण कार्यालयात लहान मुले धावतात. माझ्या मते लाकडी काठीवर फ्लॅश धरून उभा राहणारा एखादा होतकरू सहायक स्टँडपेक्षा शतपटीने उपयोगी पडतो. गर्दी सरकली की तोही सरकतो.

टीटीएल आणि मॅन्युअल (फ्लॅशची ताकद आपणच ठरवून तीच कायम ठेवणे) यांबद्दल थोडक्यात. विधी चालू असताना आपले आणि माणसांचे अंतर सतत बदलते, तेव्हा टीटीएल ठेवावे. पांढरे धोतर, जरीचा शालू किंवा दागिने चौकटीत भरले, की टीटीएल फसून चेहरा काळवंडतो. तेव्हा फ्लॅशची भरपाई, म्हणजे टीटीएलने ठरवलेल्या ताकदीत आपण करायचा फेरफार, 0.7 ने वाढवावी. स्वागत समारंभात पाहुणे एकामागून एक त्याच जागी येऊन उभे राहतात, तेथे मॅन्युअलच बरे. काळा कोट घातलेले गृहस्थ आणि पांढऱ्या साडीतील आजी यांची चित्रे मग सारख्या उजेडाची येतात.

प्रश्न : अंतरपाट दूर होताना घेतलेल्या माझ्या बहुतेक चित्रांत अक्षतांचे मोठे पांढरे गोळे दिसतात आणि त्यामागे वधू-वरांचे चेहरेच झाकले जातात. लाजाहोमाच्या वेळी धुरामुळे सगळे चित्र पांढुरके होते. उपाय सुचवावा.

उत्तर : दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. जोडपे फ्लॅशपासून 8 फुटांवर आहे आणि अक्षतेचा दाणा 1 फुटावरून उडतो आहे असे धरा. त्या दाण्यावर जोडप्याच्या 64 पट उजेड पडतो, शिवाय तो फोकसच्या बाहेर असल्याने फुगून गोळा होतो. फ्लॅश छताकडे किंवा बाजूला वळवला, की दाण्याला आणि चेहऱ्याला उजेड साधारण सारख्याच अंतरावरून मिळतो आणि अक्षता अक्षतांसारख्या दिसतात. त्यातूनही उभे राहण्याची जागा महत्त्वाची. पाहुण्यांच्या रांगेत उभे राहिल्यास अक्षता आपल्या डोक्यावरूनच जाणार; म्हणून शेवटच्या मंगलाष्टकाच्या आधी अंतरपाटाच्या कडेला, वधूच्या मामांच्या थोडे पुढे, गुडघ्यावर बसावे. गुरुजींना आधी विचारून ही जागा ठरवून घेतली, तर ते सहसा नाही म्हणत नाहीत.

या क्षणाबद्दल एक अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी एका उंच छताच्या कार्यालयात मी फ्लॅश जवळपास पूर्ण ताकदीवर चालवत होतो. ‘सावधान’ झाले, अंतरपाट उतरला, मी लागोपाठ तीन वेळा बटण दाबले आणि फ्लॅश फक्त पहिल्यांदा चमकला; त्या पहिल्या चित्रात वधूने मान खाली घातलेली होती. तिने वर पाहिले तो क्षण दुसऱ्या चित्रात आहे, पण काळा. ते कुटुंब मला काही बोलले नाही, तरी आजही मला त्या चित्राचे वाईट वाटते. पूर्ण ताकदीच्या झोतानंतर फ्लॅशला पुन्हा भरून यायला दोन-चार सेकंद लागतात, आणि अंतरपाट तेवढे थांबत नाही. म्हणून त्या एका मिनिटासाठी आयएसओ 3200 करा, फ्लॅशची ताकद आठव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका आणि मंगलाष्टके सुरू होण्यापूर्वी ताजे सेल घाला.

होमाच्या धुराबाबत : समोरून आलेला झोत धुरावरच थबकतो. ज्या बाजूने धूर जात नाही त्या बाजूला जाऊन बसावे, फ्लॅशची भरपाई उणे 1.5 पर्यंत खाली आणावी आणि शटर 1/60 करून अग्नीचा स्वतःचा उजेड चित्रात येऊ द्यावा. लाह्या टाकणाऱ्या हातांवर तो तांबूस उजेड पडलेला असताना फ्लॅशची फारशी गरजही भासत नाही.

प्रश्न : फ्लॅश वापरला की चेहरा नैसर्गिक येतो, पण मागची सजावट भडक पिवळी दिसते. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने कोणता उजेड पांढरा धरायचा ते) बदलला, तर सजावट ठीक होते आणि चेहरा निळा पडतो.

उत्तर : फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा, सुमारे 5500 केल्विनचा (उजेडाच्या रंगाचे माप; आकडा लहान तितका उजेड पिवळा) असतो आणि सजावटीचे पिवळे दिवे 3000 च्या आसपासचे. एका आकड्याने दोघांचे समाधान होणार नाही. फ्लॅशच्या काचेवर नारिंगी जिलेटीन (पारदर्शक रंगीत पट्टी) लावून त्याचाच रंग दिव्यांच्या जवळ न्यावा. अर्ध्या गडदपणाचे जिलेटीन झोत सुमारे 3800 केल्विनवर आणते. मग व्हाइट बॅलन्स 3800 ते 4000 ठेवला, की चेहरा स्वाभाविक येतो आणि सजावटीत थोडी ऊब शिल्लक राहते. पूर्ण गडद जिलेटीन मी फारसे वापरत नाही, कारण हळद लागलेली त्वचा आणि पिवळी अष्टपुत्री त्यात एकमेकांत मिसळून जातात. कार्यालयात फक्त पांढऱ्या ट्यूब असतील, तर हलके हिरवे जिलेटीन लावावे.

प्रश्न : चश्मा लावलेल्या ज्येष्ठांच्या चित्रांत काचांवर फ्लॅश चमकतो. त्यांना चश्मा काढायला सांगावे काय?

उत्तर : कृपया सांगू नये. चाळीस वर्षे चश्मा लावणाऱ्या आजोबांचा चेहरा चश्म्याशिवाय त्यांच्या नातवंडांनाही ओळखीचा वाटत नाही. फ्लॅश बाजूच्या भिंतीकडे वळवा, एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरका आणि आजोबांना हनुवटी बोटभर खाली घ्यायला सांगा. त्यानंतरही चमक राहिली, तर फ्लॅश बंद करून त्यांना खिडकीपाशी बसवून एक चित्र घ्यावे.