उत्तर: आगीच्या वर्दीनंतर (कॉलनंतर) झोप न लागणं आणि रजेचा कागद

तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. चाळीच्या आगीतून तू लहान मूल बाहेर काढलंस, ते वाचलं नाही. तीन महिने झाले तरी घंटा वाजली की हात थरथरतात, रात्री झोप नाही, बायको घाबरली आहे. आणि विचारतोयस की मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो तर नोकरीला धक्का लागेल का. वयाने मोठा आहे आणि तुझ्यासारखाच अग्निशमन दलातला आहे, म्हणून एकेरीत लिहितो. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. प्रत्येक महापालिकेचे सेवानियम वेगळे, तेव्हा माझं सांगणं तुझ्याकडच्या नियमांशी ताडून बघ.

व्यायाम, प्राणायाम, दारूपासून लांब राहणं हे तुला कोणीही सांगेल. बऱ्याच जणांचं पहिल्या महिन्याभरात ओसरतं. तुझं ओसरलेलं नाही, तेव्हा डॉक्टरकडे याच आठवड्यात जा. ट्रॉमासाठीची सीबीटी किंवा ईएमडीआर (या बिनगोळ्यांच्या मानसोपचार पद्धती) करणारं कोणी शहरात आहे का, तेही विचार. मला गोळ्यांनी झोप आली, पण घंटेची धास्ती गेली ती थेरपीने.

आता नोकरीचं. मला आगीने जेवढं खचवलं नाही तेवढं आस्थापनेने (रजेचे, नोकरीचे कागद बघणाऱ्या कार्यालयाने) खचवलं. रजेच्या अर्जाला आजाराचं नाव लिहिलेलं सर्टिफिकेट जोडा, नाहीतर अर्ज घेणार नाही, असं टेबलावर सांगण्यात आलं. ते उघड्या फायलीतून फिरलं. आवकचा जांभळा शिक्का नेमका निदानाच्या ओळीशेजारी मारला होता, म्हणजे ज्याने शिक्का मारला त्याने ती ओळ वाचलीच. मी रजेवर असतानाच स्टेशनभर झालं. कोणी वाकडं बोललं नाही. पण हजर झाल्यावर मला पंपापाशी उभं करायला लागले आणि बी.ए. सेट (धुरात श्वास घ्यायचं उपकरण) दुसऱ्याच्या पाठीवर जायला लागला. मग फिटनेसचा फेरा. तपासणीवाले म्हणाले हे आमच्याकडे येत नाही, मानसोपचारवाले म्हणाले तुमच्या खात्याचं पत्र आणा, खातं म्हणालं आधी फिट होऊन या. माझे डॉक्टर मला ठणठणीत म्हणत होते आणि मी कंट्रोल रूममध्ये बसून इतरांच्या वर्द्या लिहून घेत होतो. फायरमनला सावरतात ती त्याच्या पाळीतली माणसं, आणि मला नेमकं त्यांच्यातूनच उचललं. याचा राग आजही आहे.

म्हणून डॉक्टरांना आधीच विचार की रजेच्या सर्टिफिकेटवर 'उपचार चालू, विश्रांतीची गरज' एवढंच लिहून चालेल का. निदानाचा कागद मागितलाच तर बंद पाकिटात, 'गोपनीय' लिहून, थेट अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं, पण ते बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे. कागद एकदा कारकुनाच्या टेबलावर गेला की त्या कलमाचा आधार फार उरत नाही, निदान माझा अनुभव तरी तसाच आहे.

एक मात्र लपवू नकोस. हात थरथरत असताना धुरात आत जाऊ नको. तुझ्याबरोबर आत जाणाऱ्याचा जीव तुझ्यावर असतो. स्टेशन ऑफिसरला एकट्यात, तोंडी सांग. बहुतेक ऑफिसर स्वतः यातून गेलेले असतात. तुझा वेगळा निघाला तर पाळीतल्या सगळ्यात जुन्या लीडिंग फायरमनला मध्ये घाल.

तू लिहिलंयस की खात्याने सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून प्रसंग सांगायला लावला आणि त्यानंतर त्रास वाढला. मला नवल वाटलं नाही. घटनेनंतर एकाच बैठकीत सगळं वदवून घेणं सरसकट करू नका, असं ब्रिटनच्या 'नाइस' या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने २००५ मध्येच सांगितलंय. आपल्याकडे दर १४ एप्रिलला १९४४ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधल्या स्फोटात आणि आगीत गेलेल्या ६६ फायरमनना सलामी दिली जाते, आणि ती द्यायलाच हवी. पण त्या आगीतून जिवंत परतलेल्यांच्या रात्री कशा गेल्या, हे कोणत्याही भाषणात मी ऐकलेलं नाही. बंब परतल्यावर होज धुता धुता जो आपणहून बोलतो त्याला बोलू द्यावं, जो गप्प आहे त्याला चहा द्यावा आणि दोघांवरही पुढचे काही आठवडे लक्ष ठेवावं, असं माझं मत आहे.

वर्दीवरचे कपडे घरी नेऊ नकोस, स्टेशनलाच धू. जळक्या वासाने माझी झोप सगळ्यात जास्त मोडायची. रात्री फारच झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. वहिनींनाही तो देऊन ठेव.

पाकिटासोबतच्या अर्जाचा मसुदा हवा असेल तर व्यक्तिगत निरोप कर. आणि पोस्टमध्ये तू स्टेशनचा भाग आणि पाळी लिहिली आहेस, ते आधी काढून टाक.