मोटरसायकलच्या मागच्या डिस्क ब्रेकचा एक पॅड पार संपलाय आणि दुसरा अर्धा शिल्लक आहे, घरी नुसते पॅड बदलले तर चालेल का?

घरी नक्की जमेल, पहिल्यांदा करताना दीड-दोन तास धरून चाला. पण नुसते पॅड बदलून चालणार नाही. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की पिस्टनच्या (पॅडला ढकलणाऱ्या दट्ट्याच्या) बाजूचा पॅड झिजून मागच्या पत्र्याला टेकलाय आणि पलीकडचा अजून अर्धा आहे, तर सगळं दुखणं तिथंच आहे. पॅड जोडीने आणि जवळपास सारखे झिजायला पाहिजेत. माझ्या गाडीचं अगदी असंच झालं होतं, मी नवीन पॅड टाकून मोकळा झालो आणि काही महिन्यांतच एका बाजूचा परत संपला, मला वाटलं पॅडच हलके निघाले, म्हणून दुसरे आणले, उघडून बघतो तर कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या पार कोरड्या पडून जाम झालेल्या. तेव्हापासून पॅड बदलायचे म्हणजे कॅलिपर सगळा साफ करायचाच, हे मी ठरवून टाकलंय.

होतं काय ते आधी सांगतो म्हणजे पुढचं पटेल. बहुतेक गाड्यांना मागे जो कॅलिपर असतो त्याला पिस्टन एकाच बाजूला असतो. पेडल दाबलं की पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या पुढचा पॅड डिस्कला टेकतो, मग अख्खा कॅलिपर उलट्या बाजूला सरकतो आणि पलीकडचा पॅड ओढून आणतो, अशी दोन्हीकडून डिस्क चिमटीत धरली जाते. आता सरकायच्या पिनाच अडकल्या तर पलीकडचा पॅड नीट येतच नाही, सगळं काम पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटा करतो. दुसरी गोष्ट पिस्टनच्या सीलची. ते रबर पिस्टन पुढे जाताना थोडं पिळवटतं आणि पेडल सोडलं की परत जागेवर येताना पिस्टनला केसभर मागे ओढतं, मागे घ्यायला वेगळी स्प्रिंग वगैरे काही नसते. पिस्टनवर चिखल आणि ब्रेकची काळी पूड बसली की तो मागे येत नाही आणि पॅड डिस्कला सतत घासत राहतो. मागच्या कॅलिपरवर पुढच्या चाकाने उडवलेला सगळा चिखल येतो, त्यामुळे हे मागेच जास्त होतं. आणि पाय कायम पेडलवर टेकवून चालवायची सवय असेल तर ती पण पॅड खाते.

आता कामाला लागताना गाडी गार असू द्या आणि सरळ, हलणार नाही अशी उभी करा. कॅलिपरचे बोल्ट काढायच्या आधी पॅडची पिन (पॅड अडकवून ठेवणारी, सरकायच्या पिना वेगळ्या) सैल करून घ्या, हे विसरू नका, कारण कॅलिपर हातात लोंबकळत असताना ती जाम पिन फिरवणं म्हणजे ऍलन कीचा खाच खराब करून घेणं. काही गाड्यांना पिनवर एक छोटं झाकण असतं, काहींना मागून क्लिप असते, ती आधी काढा. मग बोल्ट काढून कॅलिपर उचला, ब्रेकच्या होजवर (ऑइलच्या नळीवर) त्याचं वजन येऊ देऊ नका, दोरीने वर बांधून ठेवा. पॅड काढताना पत्र्याची पातळ स्प्रिंग कशी बसलीय त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, ती उलटी बसली तर पॅड खडखडतात.

यानंतर नवीन पॅड मावावेत म्हणून पिस्टन आत ढकलायची घाई होते. थांबा. तो आधी धुवायचा. जी पूड बाहेर बसलीय ती तशीच आत ढकलली तर सीलवर जाऊन बसते आणि सील खराब होतं. मी साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेतो, पेडल अगदी हळू एक-दोनदा दाबून पिस्टन थोडा बाहेर घेतो, पुढे लाकडाचा तुकडा ठेवून, म्हणजे तो पूर्ण बाहेर यायची भीती नाही, आणि सगळीकडून घासतो. पेट्रोल किंवा डिझेल इथे अजिबात नको, रबर फुगतं. पूड हवा मारून उडवू पण नका, ती नाकात जाते, ओल्यानेच साफ करा. पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसले तर मात्र तो आणि सील बदलायला लागेल, ते काम माहितगाराकडे द्या.

ढकलायच्या आधी ब्रेक ऑइलची डबी बघा. पॅड झिजतात तसं ऑइल खाली उतरतं, ते गळत नसतं, पिस्टन बाहेर आल्यामुळे त्याच्या मागे गेलेलं असतं. मधे कोणी ते वर भरून ठेवलं असेल तर पिस्टन आत जाताना डबी भरून वाहते, आणि हे ऑइल रंगाला खातं. माझ्या साईड पॅनलचा रंग असाच गेला. डबीच्या खाली ओली चिंधी ठेवा, जास्तीचं ऑइल सिरिंजने काढून घ्या आणि कुठे सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. ऑइल काळं झालेलं असेल तर पॅड बसवून झाल्यावर तेही बदला, ते हवेतला ओलावा ओढतं आणि उकळायचं तापमान उतरतं, डॉट 4 (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा ग्रेड) नवीन असताना कमीत कमी 230 अंशाला उकळतं, ओलावा धरल्यावरची मर्यादा 155 वर येते. डबीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच भरायचा, आणि डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते डॉट 4 मध्ये मिसळायचं नाही.

आता तुमच्या गाडीचं मूळ दुखणं, सरकायच्या पिना. कॅलिपर त्याच्या ब्रॅकेटमधून (तो ज्यावर बसतो त्या पट्टीतून) ओढून वेगळा करा, जुनं घट्ट झालेलं ग्रीस पुसा, गंज बारीक पॉलिश पेपरने हलका काढा आणि ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. साधं ग्रीस लावू नका, रबराची टोपी फुगून पिना परत अडकतात. टोपी फाटलेली असेल तर बदलाच, पाणी तिथूनच शिरतं. कॅलिपर परत घातल्यावर हाताने अलगद पुढे-मागे सरकला पाहिजे. पॅडची पिन पण बघा, तिच्यावर पॅडने खोबण पाडलेली असेल तर नवीन घाला, पॅड तिथे अडकून बसतो.

पॅड पत्र्याला टेकला म्हणताय तर डिस्कवर नख फिरवून बघा. बारीक रेघा असतातच, पण नख अडकेल अशी चर असेल किंवा डिस्कवर कोरलेल्या कमीत कमी जाडीपेक्षा ती पातळ झाली असेल तर डिस्क पण गेली. ठीक असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा. नवीन पॅडच्या घासणाऱ्या तोंडाला तेलकट हात लावू नका, ग्रीस लागलेला पॅड मी परत वापरत नाही. पॅडची जीभ ब्रॅकेटच्या खाचेत नीट बसलीय ना ते वाकून बघा, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने, बोल्ट आवळा.

यानंतर गाडीवर बसायच्या आधी पेडल दाबा. पहिल्या काही वेळा ते सरळ खाली जाईल, कारण पिस्टन आत ढकललाय, पुरेसं कडक होईपर्यंत दाबत राहा. हे विसरून गाडी काढली तर मागचा ब्रेक लागणारच नाही. तरीही पेडल मऊ राहिलं तर लाईनमध्ये हवा आहे, ती काढल्याशिवाय चालवू नका. ऑइलची पातळी बघून झाकण लावा.

नवीन पॅड लगेच पकडत नाहीत. रिकाम्या रस्त्यावर 50 च्या स्पीडने जाऊन मागचा ब्रेक मध्यम दाबून 15 पर्यंत आणा, सोडा, थोडं गार होऊ द्या, असं आठ-दहा वेळा करा, आणि गरम असताना ब्रेक दाबून उभे राहू नका. पहिले दोनशे किलोमीटर तरी जोरात ब्रेक मारायची वेळ आणू नका, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा.

दुसऱ्या दिवशी एक करा, मागचा ब्रेक न वापरता पाच-सहा किलोमीटर फिरून या आणि डिस्कच्या जवळ हात न्या, टेकवू नका. गरम वाफ लागली तर अजून काहीतरी अडकतंय, मग आधी पेडलचं खेळ-अंतर (ब्रेक लागायच्या आधी पेडल जेवढं मोकळं हलतं ते) बघा आणि ते बरोबर असेल तर पिना पुन्हा उघडा. कशात अडकलं तर गाडीचं मॉडेल आणि दोन्ही पॅडचा फोटो इथेच टाका, मी बघून सांगतो.