पदवी झाली, आता लगेच नोकरी नको असेल तर

लगेच पूर्णवेळ नोकरी धरली नाहीस तरी चालेल, पण आठवड्याला शिस्त लाव. सोलापुरात बरेच जण अभ्यासिकेत जागा घेऊन एमपीएससीच्या मागं लागतात. खुल्या गटाला वयोमर्यादा ३८ आहे, म्हणून घाईच वाटत नाही आणि वर्षं निघून जातात. त्यात राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. रोज हातानं उत्तरं लिहिणार नसशील तर नुसतं वाचून उपयोग नाही. किती वेळा परीक्षा देणार, ते घरच्यांसमोर आजच बोलून ठेव.

मला विचारशील तर शिकाऊ उमेदवारी कर. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ च्या दुरुस्तीनंतर बीए, बीकॉमवालेही बसतात. दरमहा विद्यावेतन मिळतं, शेवटी प्रमाणपत्र. नोंदणी केंद्र सरकारच्या नॅट्स या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर होते. मध्ये कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत चौकशी कर. आपला सोलापुरी टॉवेल परदेशी जातो. त्या निर्यातीची कागदपत्रं, जीएसटी, स्टॉक हे ज्याला जमतं त्याला काम शोधत फिरावं लागत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. संध्याकाळी दहावीच्या शिकवण्या घेतल्यास तर खर्चही भागतो.

आणि एमएला प्रवेश फक्त लोकांना सांगायला म्हणून घेऊ नकोस.