गटांची नावं ठरवताना

कथेतल्या एखाद्या गटाचं विकीवर नवीन पान बनवण्याआधी एक बघ: मूळ कथेत त्या गटाला नेमकं काय म्हटलंय, आणि कोण म्हणतंय? शत्रू त्यांना 'बंडखोर' म्हणतात, ते स्वतःला 'मुक्तिसेना' म्हणवतात, अशा वेळी शीर्षकाला निवेदकाने किंवा अधिकृत साहित्याने वापरलेलं नाव घे. तेही नसेल तर गट स्वतःला म्हणवतो ते. शत्रूने दिलेलं नाव पहिल्या परिच्छेदात येऊ दे आणि त्याचं पुनर्निर्देशन करून ठेव, म्हणजे त्या नावाने शोधणाराही इथेच पोचेल.

खरा घोळ होतो टोळी, पंथ, सेना, संघ यांत. एका पानावर पंथ आणि दुसऱ्यावर संघटना लिहिलं की वाचकाला दोन वेगळे गट वाटतात. सरसकट 'गट'च लिही. बाकीचे शब्द कथेत तशी रचना दिसली तरच. फूट पडून नवा गट निघाला तर वेगळं पान. नुसतं नाव बदललं असेल तर पान एकच, आणि प्रसंग ज्या काळातला त्या काळातलं नाव मजकुरात. यावर भांडणं होतात (हौशी लोकांची तर जास्तच), पण ती त्या पानाच्या चर्चापानावर होऊ देत.

मीडियाविकीत (विकी ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर) पान नव्या नावाला हलवलं की जुन्या नावाचं पुनर्निर्देशन आपोआप राहतं. पानांना लावलेले वर्ग मात्र साच्यातून (अनेक पानांत वापरल्या जाणाऱ्या तयार मजकुरातून) आलेले नसतील तर पानोपानी बदलावे लागतात, म्हणून आधी वर्गाचं पान उघडून त्यात कोणती पानं आहेत ते बघ.