एकट्या स्त्रीने वाशीत हॉटेलात राहावे का? राहावे, आणि स्टेशनजवळ राहावे

तुम्ही विचारले आहे की नवी मुंबईत महाप्याच्या एका कंपनीत आठवडाभर काम आहे, काका डोंबिवलीला राहतात आणि घर असताना एकट्या मुलीने हॉटेलात उतरणे बरे दिसत नाही असे त्यांचे म्हणणे आहे. तेव्हा हॉटेलात राहणे योग्य आहे का, कोणत्या भागात राहावे आणि गाडी नसताना फिरावे कसे. राहणे योग्यच आहे. काकांचे वाक्य मात्र माझ्या थोरल्या दिरांच्या तोंडून मी इतकी वर्षे ऐकत आले आहे की उत्तर थोडे लांबणार, हे आधीच सांगून ठेवते.

मी ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहते आणि लेखापरीक्षणाचे काम करते. ३१ मार्चची मालमोजणी कारखान्यात रात्री उशिरापर्यंत चालते आणि सकाळी गोदाम उघडताच पुन्हा हजर राहावे लागते. तुर्भ्याहून मध्यरात्री ठाणे स्टेशन गाठायचे, तेथून घोडबंदर रस्त्याने घरी पोहोचायचे आणि चार तास झोपून तोच प्रवास उलटा करायचा, हा प्रकार मला मान्य नसल्यामुळे त्या रात्रीपुरती मी वाशीत खोली घेते. एका वर्षी ऑनलाइन पैसे भरून आरक्षित केलेल्या हॉटेलात संध्याकाळी सामान ठेवण्यासाठी गेले. काउंटरवरच्या मुलाने आधार कार्ड हातात घेतले, पुढची बाजू पाहिलीसुद्धा नाही, थेट उलटून मागचा पत्ता वाचला आणि ‘मॅडम, लोकल आयडीवर रूम मिळत नाही’ असे सांगून ते परत सरकवले. नियम लेखी दाखवा म्हटल्यावर तो पोलिसांचा आहे असे उत्तर आले. मग तो हॉटेलच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून द्या म्हटल्यावर व्यवस्थापक बाहेर आले. त्यांनी अतिशय नम्रपणे, जणू सवलत देत आहोत अशा स्वरात, मिस्टरांशी एकदा फोनवर बोलणे करून द्या म्हणजे खोली उघडतो, असे सुचवले. चाळिशी उलटलेल्या, स्वतःच्या सहीने ताळेबंद तपासणाऱ्या बाईला खोलीसाठी नवऱ्याची तोंडी परवानगी लागावी, हे मी मान्य केले नाही. नवरा फोन उचलायला एका पायावर तयार असता, पण प्रश्न तो नव्हता. पैसे परत करण्याचे त्यांच्याकडून लिहून घेतले, बॅग उचलली आणि स्टेशनजवळच्या दुसऱ्या हॉटेलात तेच आधार कार्ड दाखवून पाच मिनिटांत किल्ली घेतली.

स्थानिक पत्त्याच्या प्रौढ व्यक्तीला किंवा एकट्या स्त्रीला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही. ओळखपत्र तपासून नोंद ठेवणे हे हॉटेलचे काम आहे, त्यापलीकडची ही अट ज्याने त्याने आपल्या सोयीसाठी लावलेली असते आणि ती अविवाहित जोडप्यांना टाळण्यासाठी असली तरी जाळ्यात कोणीही सापडतो. घरी हे कळल्यावर भाऊजींनी ‘म्हणूनच मी सांगत होतो’ असे म्हटले. अडवणूक पत्त्यामुळे झाली होती, ठाण्याच्या पत्त्याच्या पुरुषालाही तेथे हेच ऐकावे लागले असते, हे मी त्यांना समजावले. त्यांना ते आजही पटलेले नाही. तुमचा पत्ता बाहेरगावचा असेल तर हा प्रश्न येऊ नये. तरीही आरक्षणाआधी हॉटेलात स्वतः फोन करून एकट्या स्त्रीला खोली देता का, हे विचारून घ्या आणि पलीकडचा माणूस अडखळला तर पुढचे हॉटेल पाहा. पॅन कार्डावर पत्ता नसल्याने ते चालत नाही. आधारची प्रत मागितली तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत द्या. ती आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.

आता जागेबद्दल. नकाशावर महाप्याच्या जवळ दिसते म्हणून औद्योगिक वसाहतीतले हॉटेल घेऊ नका, कारण कार्यालये सुटल्यावर तेथील रस्ते ओस पडतात आणि जेवायला बाहेर पडायचे म्हटले तरी रिक्षा शोधावी लागते. वाशी स्टेशनपासून सेक्टर १७ पर्यंतच्या पट्ट्यात राहा. तेथे रात्री उशिरापर्यंत खाणावळी, औषधांची दुकाने आणि माणसांची वर्दळ असते, आणि माझ्या मते सुरक्षितता म्हणजे हीच वर्दळ. हॉटेलचे तारे नव्हेत. खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर ५ टक्के जीएसटी आहे, तेव्हा बिलात जुना १२ टक्के दर दिसला तर विचारा.

फिरण्यासाठी ट्रान्स-हार्बर, म्हणजे ठाणे आणि नवी मुंबई जोडणारी लोकल, पुरेशी आहे. वाशीहून ठाण्याकडे जाणारी गाडी सानपाडा, तुर्भे करत कोपरखैरणे आणि पुढे घणसोलीला जाते. महाप्याला ही दोन्ही स्टेशने सोयीची असल्याने कंपनी कोणत्या टोकाला आहे ते विचारून घ्या आणि पुढे रिक्षा करा. परतताना इंडिकेटर वाचल्याशिवाय गाडीत चढू नका, कारण तुर्भ्याच्या पुढे मार्ग फुटतो आणि पनवेल किंवा नेरूळची गाडी वाशीला जात नाही. चढलाच असाल तर जुईनगरला उतरून मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनकडे जाणारी, हार्बर मार्गाची गाडी धरावी. नवी मुंबईची मेट्रो बेलापूर ते पेंधर धावते, तिचा तुम्हाला उपयोग नाही. रिक्षावाल्याला नुसता सेक्टर सांगू नका, कारण नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने प्रत्येक उपनगरात सेक्टरचे क्रमांक नव्याने सुरू केले आहेत आणि सेक्टर १७ वाशीत आहे तसा कोपरखैरण्यातही आहे.

काकांच्या घरून हेच काम करायचे तर सकाळच्या गर्दीत डोंबिवलीला लोकलमध्ये शिरणे, ठाण्याला पूल चढून फलाट बदलणे आणि मग ट्रान्स-हार्बर, असा क्रम रोज दोन वेळा करावा लागेल. शिवाय तुम्ही परत येईपर्यंत काकू जेवणासाठी ताटकळत बसतील, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. आमच्याकडेही भाऊजींनी तो कधी मांडला नाही, कारण पाहुण्यांसाठी थांबणारे ते नसत, सासूबाई असत. अर्थात एकटे राहण्याची सवय नसेल, आठवडाभराचा खर्च कंपनी देत नसेल किंवा पावसाळ्यात येणार असाल, तर डोंबिवलीचा विचार जरूर करा. रुळांवर पाणी साचून गाड्या थांबल्या की घरचे माणूस जवळ असलेले बरे. एरवी काकांकडे रविवारी जेवायला जा आणि शनिवारीच मेगाब्लॉकचे, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याचे, वेळापत्रक पाहून ठेवा, कारण ट्रान्स-हार्बर बंद असली तर वाशीहून कुर्ल्याला जाऊन गाडी बदलावी लागेल.