खुनी कोण ते सोडून बाकी सगळं लिही

गावभाग, सांगली

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

वाचलेल्या पुस्तकांवर तू लिहून पाठवलेली सगळी मतं सावकाश वाचली. गुन्हेकथा जास्त, फँटसी कमी, आणि दोन्हीकडे विशेषणांची रेलचेल. ‘जबरदस्त’, ‘खिळवून ठेवणारं’, ‘एका बैठकीत संपवलं’, आणि खाली पाचपैकी साडेचार तारे. हे शब्द मी वाचनालयाच्या काउंटरवर बसून रोज ऐकतो. पुस्तक बदलायला आलेला माणूस घाईत असतो, मागे चारजण उभे असतात, त्याला ‘भारी आहे, न्या’ एवढंच सांगितलं तरी भागतं. तू निवांत बसून कागदावर लिहितेस. तुला ही सूट नाही.

पण त्या सगळ्यात एक वाक्य सापडलं. ‘इन्स्पेक्टरने सकाळी प्रेत बघितलं आणि दुपारच्या चहाला विषाचा रिपोर्ट त्याच्या हातात होता, तिथे माझा विश्वास उडाला.’ पोरी, हे मत! बाकीच्या पानांवर तू पुस्तकाला शेरे दिलेस, इथे मात्र तू वाचताना दिसतेस. पेपर वाचणाऱ्या कुणालाही ‘व्हिसेरा राखून ठेवला’ हे वाक्य पाठ असतं. व्हिसेरा म्हणजे प्रेतातले अवयव. ते तपासायला प्रयोगशाळेत जातात, तिथे आधीच ढीग असतो, अहवाल यायला आठवडे, कधी महिने लागतात. लेखकाने ते चहाच्या एका कपात उरकलं.

आता याच्यापुढची पायरी चढायची राहिली. चूक सापडली म्हणून पुस्तक पडलं असं होत नाही. रिपोर्ट लवकर आल्याने कथेचं काय बिघडलं, ते सांग. मी ती कादंबरी वाचली आहे म्हणून सांगतो. त्या घरात चार माणसं एकमेकांकडे संशयाने बघत जेवत होती. विष होतं की नव्हतं हे महिनाभर कळलं नसतं, तर त्या जेवणांना काय धार आली असती! लेखकाने घाईत रिपोर्ट आणला आणि स्वतःचंच सगळ्यात चांगलं भांडवल उधळलं. मत हे असं लिहायचं.

आणि याच्या उलट उदाहरण. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ जाऊन १०३ आलं. नव्या कादंबरीतला हवालदार अजूनही ‘तीनशे दोन लागतंय बघ तुला’ म्हणत असेल तर म्हणू दे, लोकांच्या तोंडातून तो आकडा इतक्यात जायचा नाही. पण खून २०२५ सालातला आणि आरोपपत्रात ३०२ असेल, आणि पुस्तक पानोपानी ‘बघा, मला कोर्टकचेरी कशी ठाऊक आहे’ असं मिरवत असेल, तर धर कॉलर. ज्या पुस्तकाने तसा काही आवच आणला नाही, त्याला या एका आकड्यावरून झोडपू नकोस.

माझं म्हणणं एवढंच आहे. पहिल्या चाळीस-पन्नास पानांत प्रत्येक पुस्तक वाचकाला काहीतरी कबूल करतं. ते पुढे पाळलं का, आणि नसेल तर नेमकं कुठे मोडलं, हे बघायचं. इथल्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे होतात, तिथे व्यापारी वरचा रंग बघून बोली लावत नाही. हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो, मग बोलतो. तारे म्हणजे वरचा रंग. तू मोडून बघ.

रहस्यकथेची कबुली सोपी असते: जे तपास करणाऱ्याला दिसलं ते तुलाही दाखवीन. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका पाद्र्याने १९२९ मध्ये याचे चक्क दहा नियम लिहून काढले. भुताखेतांची मदत घ्यायची नाही, एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या नकोत, आणि जुळा भाऊ आणायचा असेल तर वाचकाला आधी चाहूल द्यायची. हा शेवटचा नियम आपल्याकडे कुणी भिंतीवर लावला असता तर कित्येक पुस्तकं छापलीच गेली नसती.

अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ च्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’वर तू चिडली आहेस. ‘लेखिकेने फसवलं’ असा शेरा आहे. तू काही एकटी नाहीस, पुस्तक आलं तेव्हाही त्यावरून बरीच बोंबाबोंब झाली होती. पण शेवट कळल्यावर पहिली प्रकरणं परत काढून बघितलीस का? बघ. लेखिकेने खोटं वाक्य लिहिलेलं नाही. तिने दोन वाक्यांमधली जागा मोकळी सोडली आणि ती तू स्वतःच भरलीस. याला फसवणूक म्हणायचं की कसब, त्यावर तू भांड, माझी हरकत नाही. पण ते वाक्य समोर ठेवून भांड. आणि एवढं लिहून त्यातल्या कॅरोलाइनबद्दल एक अक्षर नाही? गावातल्या डॉक्टरची ती बहीण घराबाहेर न पडता अख्ख्या गावाची बित्तंबातमी ठेवते. आपल्या गल्लीत अशा किमान तीन आहेत. या कॅरोलाइनला लिहितानाच्या मजेतून पुढे खून उलगडणारी म्हातारी मिस मार्पल सुचली असावी, असं ख्रिस्तीने स्वतः आत्मचरित्रात म्हटलं आहे.

सध्या माझ्या डोक्यात बसलंय ते केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाचं २००५ चं ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. तुझ्या यादीत ते ‘खुनी सुरुवातीलाच कळतो त्यामुळे मजा कमी’ एवढ्यावर संपलं आहे. तिथे मी कपाळाला हात लावला. खुनी सुरुवातीला कळतो हे खरंच. यासुको नावाची बाई, तिचा छळणारा आधीचा नवरा, तिची शाळकरी मुलगी, आणि भिंतीपलीकडे राहणारा इशिगामी, गणिताचा मास्तर. खून आपल्यासमोर होतो, मास्तर मदतीला येतो. म्हणजे ‘कुणी केला’ हे पुस्तकाने कबूलच केलेलं नाही. त्याने कबूल केलंय ते वेगळंच: या माणसाने काय लपवलं ते तुझ्या डोळ्यांसमोर असेल आणि तरी तुला दिसणार नाही. पोलिसांचा मित्र असलेला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक युकावा त्यामागे लागतो, पण तो ज्या प्रश्नाशी झगडतो तो आणि आपण समजतो तो, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

तू एक कर. पहिलं प्रकरण परत काढ. त्यात मास्तर सकाळी घरातून निघतो, नदीकाठाने शाळेकडे चालतो आणि वाटेत यासुकोच्या दुकानात जेवणाचा डबा घ्यायला थांबतो. पहिल्या वाचनाला ही पानं आपण सगळेच पळवतो. वातावरणनिर्मिती आहे, असं म्हणतो. या वेळी त्याच्याबरोबर त्याच्याच चालीने चाल आणि त्याला वाटेत काय-काय दिसतं ते बघ. मी पुढे काही बोलत नाही. एवढंच सांगतो की पुस्तक संपवून या पानांवर परत आलो तेव्हा हातातला चहा गार झाला. हिशेब किती आधी मांडून ठेवला होता लेखकाने! मला त्या मास्तरच्या भक्तीचा शेवटी थोडा रागही आला, हे वेगळं. यासुकोला काय हवं होतं हे त्याने कधी विचारलं का? असा प्रश्न पुस्तक संपल्यावर आठवडाभर छळतो. पुस्तकाबद्दल लिहायचं तर तो प्रश्न लिही, साडेतीन तारे नकोत.

फँटसीकडे वळतो. तिथे तुझा सूर जरा मवाळ झालाय, जणू काल्पनिक आहे म्हणजे काहीही चालतं. उलट तिथेच जास्त कडक व्हायचं. ज्या जाडजूड त्रिखंडी कादंबरीला तू पाच तारे दिलेस, तिच्यात प्रत्येक संकटाला नायकाच्या अंगात नवी विद्या येते. दरी आली, उडता यायला लागलं. आग आली, अंगाला लागेना. मग मी त्याची काळजी कशाला करू? मंत्राला मर्यादा हवी आणि त्याची किंमत कुणीतरी मोजायला हवी, ही त्या प्रकारातली कबुली. आणि पहिला खंड सहाशे पानं होऊनही कुठे संपतच नसेल, नुसताच थांबत असेल, तर तसं स्पष्ट लिही. दुसऱ्या खंडाचे पैसे वाचकाने द्यायचे आहेत.

उर्सुला ले ग्विनचं १९६८ चं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ घेऊन जा. लहानसंच आहे. गेड हा शेळ्या राखणारा पोरगा, अंगात जादू, आणि त्याहून जास्त घमेंड. रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत तो दुसऱ्या पोराशी ईर्ष्या करून नको ते दार उघडतो आणि आतून एक सावली बाहेर येते. ती फट बुजवताना म्हातारा मुख्य जादूगार जीव गमावतो. गेडच्या तोंडावर जन्मभराचा व्रण राहतो. बघ, किंमत कशी रोख घेतली. त्याच शाळेत पोरांना शिकवतात की रोकवर पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटावर दुष्काळ होऊ शकतो, म्हणून हवामानाशी उगाच खेळू नये.

हे वाक्य मी सांगलीत बसून वाचतोय हे विसरता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथे गावभागात होड्या फिरत होत्या आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला, जत-आटपाडीकडे, लोक टँकरची वाट बघत होते. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीत किती अडवलं, यावर आपल्याकडे पोरंसोरं वाद घालतात. तू लिहिलंयस, ‘फँटसीचा आपल्या आयुष्याशी संबंध नसतो, पण टाइमपास छान.’ कृष्णाकाठच्या मुलीने हे लिहावं? पाण्याची पातळी मोबाइलवर बघत रात्र काढलेल्या माणसाला ले ग्विनबाईंचं ते वाक्य जसं कळेल तसं दुसऱ्याला क्वचितच कळेल. तुझ्या मतात सांगली दिसायला हवी म्हणतो ती अशी. उगाच भडंग आणि आयर्विन पूल टाकायची गरज नाही.

‘मराठीत फँटसीची परंपराच नाही’ हे तुझं वाक्य मी लाल शाईने खोडलंय. याच गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. त्या नाटकांत राक्षस ‘अलल डुर्र’ असं ओरडत, तलवारी नाचवत येत आणि पुढे बसलेली पोरं आयांच्या पदरात शिरत. पुढे नारायण धारपांनी ‘समर्थ’ या त्यांच्या नायकाला पाठवून कसल्या-कसल्या शक्तींशी झुंज लावली. आणि बाबूराव अर्नाळकरांची हजारावर पुस्तकं! झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांमागे अख्ख्या पिढ्या धावल्या. आमच्याकडच्या त्या प्रतींची शेवटची पानं हमखास फाटलेली असत. सगळंच सोनं होतं असं मी म्हणणार नाही, पुष्कळसं एका साच्यातलं होतं. पण नाक मुरडण्याआधी दोन-चार वाचून मुरड.

शेवट सांगावा की नाही, असं विचारलं आहेस. आमच्याकडे एक महाभाग सभासद होऊन गेला. रहस्यकथा वाचून झाली की पहिल्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात खुन्याचं नाव लिहून परत करायचा. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. खोडरबर घेऊन कितीतरी संध्याकाळी आम्ही त्याच्या मागे होतो. तू त्याची वारसदार होऊ नकोस. खुनी कोण, कसा सापडला, हे सोडून दे. त्याने तुझं काही अडत नाही. जागा, बोलणं, संशय कसा फिरवला, कुठलं पात्र लेखकाने नुसतं मरण्यासाठी आणलं होतं, हे सगळं सांगता येतं. फारच गरज पडली तर ‘ज्यांनी वाचलंय त्यांनीच पुढे जावं’ असं लिहून ओळ सोड.

आणखी एक. पुस्तक संपल्या रात्री लिहू नकोस. दोन दिवस जाऊ देत. मग पुस्तक न उघडता, जे आठवतंय तेवढंच लिही. दोन दिवसांत जे गळून गेलं तेही मत आहे. नावं आणि पानं मात्र नंतर पुस्तक उघडून तपास.

आता तुझा अवघड प्रश्न. आपल्याच जिल्ह्यातल्या एका लेखकाची पहिली गुन्हेकथा तुला आवडली नाही, तो तुझ्या मामाचा मित्र, प्रकाशनाचं बोलावणंही आलंय. लिहू की गप्प बसू? लिही. त्याच्यावर नको, पुस्तकावर लिही. ‘लेखकाला जमलं नाही’ असं म्हणू नकोस. ‘एकशेदहाव्या पानावर शेजारीण अचानक सगळं कबूल करते, आणि त्याआधी तिच्यावर कसलंच दडपण आलेलं नव्हतं’ असं लिही. हे त्याला दुसऱ्या पुस्तकाला उपयोगी पडेल. त्यात बाजारातल्या भांडणाचा प्रसंग अस्सल उतरलाय, हे तूच मला फोनवर म्हणालीस, ते लिहायला विसरलीस. तेही घाल. प्रकाशनाला जा, पेढा खा, पहिल्या रांगेत बस. कुणी ‘कसं वाटलं’ विचारलं तर ‘लिहिलंय, वाचा’ म्हण.

ले ग्विनचं पुस्तक तुझ्या नावाने बाजूला काढून ठेवलंय. सोमवारी आपण बंद असतो, मंगळवारी ये. आणि मागच्या महिन्याची वर्गणी राहिली आहे, ती आण.

तुझा,
वाचनालयातला काका